डावीकडचा डबा

मासा वाकडा होता. शेपटीच्या अलीकडे पाठ मोडल्यासारखी वर उचललेली, आणि पुढे जायचं सोडून तो एकाच जागी गोल गोल फिरत होता. ताईंनी काचेला नाक लावून पाहिलं. डोळे चोळून पुन्हा पाहिलं. मग टाकीवरची चिठ्ठी वाचली, जणू चिठ्ठीत दुसरं काही निघालं तर मासाही सरळ होणार होता. चिठ्ठीवर त्यांच्याच अक्षरात लिहिलेलं होतं : साधे मासे, साठा.



तसे वाकडे मासे या खोलीला नवे नव्हते. गेले दोन महिने तर वाकड्यांचीच चलती होती. संशोधन संस्थेच्या तळमजल्यावरची ही माशांची खोली. डावीकडे सहा मांडण्या, उजवीकडे सहा, मधे कायम ओली असणारी फरशी, आणि सगळ्या टाक्यांमधून बोटाच्या पेराएवढे पट्टेरी मासे. वरच्या मजल्यांवरचे शास्त्रज्ञ त्यांच्यावर हाडांचे, हृदयाचे, कसले कसले प्रयोग करत आणि ताई त्यांना दिवसातून तीनदा खायला घालत. अकरा वर्षं हेच काम. ताईंची सावली काचेवर पडली की अख्खी टाकी पुढे धावायची. घरी सासूबाई म्हणायच्या, "आम्ही हाक मारली तरी तू येत नाहीस, आणि ते मासे मात्र न बोलावता येतात तुझ्याकडे. त्यांनाच आण घरी, आम्ही जातो टाकीत."

डॉक्टरेट करणारी एक मुलगी होती. तिच्या चष्म्याच्या काचा इतक्या जाड, की ताईंनी मनातल्या मनात तिला चष्मेवाली म्हणायला सुरुवात केली आणि एकदा ते तोंडातून निसटलं. मुलगी खळखळून हसली. तेव्हापासून चारचौघांत मॅडम आणि खोलीत चष्मेवाली, असं ठरूनच गेलं. या चष्मेवालीनं माशांच्या एका जनुकात फेरफार केला होता. ते मासे वाढता वाढता पाठीत वाकायला लागले आणि शेजारचे साधे मासे सुतासारखे सरळ राहिले. दीड वर्षाच्या खटपटीनंतर हे दिसलं तेव्हा तिनं ताईंचे ओले हात धरून त्यांना फरशीवर गरकन फिरवलं होतं.

"ताई, पाठ सरळ ठेवणारं जनुक आहे हे! मी ते बंद केलं आणि बघा!"

आता हा वाकडा मासा साधा होता. त्याच्या जनुकाला कुणी बोटही लावलेलं नव्हतं.

ताईंची नजर आपसूक पंपावरच्या फळीकडे गेली. तिथं खाण्याचा मोठा पांढरा डबा होता. पाच महिन्यांपूर्वी फ्रिज कसल्याशा औषधांच्या बाटल्यांनी भरला आणि कोरड्या खाण्याचे दोन डबे होते त्यातला एकच आत मावला. दुसरा ताईंनी फळीवर ठेवला, दोन दिवसांपुरता. पण तो हाताशी बरा पडला. डावीकडच्या मांडण्यांना फळीवरच्या डब्यातून, उजवीकडच्यांना फ्रिजमधल्या. ओल्या फरशीवरून जड डबा घेऊन येरझारा नकोत. दोन दिवसांचे पाच महिने कधी झाले ते कळलंच नाही. फळीखाली पंप चोवीस तास चालायचा. फळीला हात लावला की नुकत्याच उठलेल्या माणसाच्या अंथरुणासारखी ऊब लागायची.

आणि चष्मेवालीचे बदललेले मासे डावीकडे होते, साठ्याची ही टाकीही डावीकडेच. तुलनेचे साधे मासे उजवीकडे.

ताईंनी डब्याचं झाकण उघडलं. जुन्या तेलाचा वास आला. हा वास त्यांना आजच आला असं नव्हतं. महिन्याभरापूर्वीही आला होता, पण पंपाच्या वंगणाचा असेल म्हणून त्यांनी त्याकडे कानाडोळा केला होता. नोकरीला लागल्यावर दुसऱ्या की तिसऱ्या वर्षी त्यांना एका प्रशिक्षणाला पाठवलं होतं. तिथल्या बाईंनी पडद्यावर एका वाकड्या माशाचं चित्र दाखवलं होतं आणि सांगितलं होतं, खाणं गरम जागी राहिलं की त्यातलं क जीवनसत्त्व उडून जातं, आणि ते मिळालं नाही की वाढत्या पिल्लांची हाडं वाकतात. आठ-नऊ वर्षांत त्या बाईंचा चेहरासुद्धा ताई विसरल्या होत्या. चित्र मात्र आत्ता लख्ख समोर उभं राहिलं.

त्यांनी घड्याळ पाहिलं. दहा वाजता पशुवैद्य येणार होते. संस्थेतले प्राणी नीट ठेवलेत की नाही हे बघायला ते महिन्यातून एकदा येत आणि एकेक टाकी वाचून काढत.

पुढे काय केलं ते ताईंनी विचार करून केलं नाही, हात आपोआप चालले. जाळीनं तो मासा काढला, मापाच्या भांड्यात घातला आणि भांडं पंपामागे बादलीआड ठेवलं. पांढरा डबा आपल्या पिशवीत घातला, वर टॉवेल टाकला. फळी पुसली.

पशुवैद्य आले. उंच, हळू बोलणारे गृहस्थ. त्यांनी पाण्याचं तापमान पाहिलं, नोंदवही चाळली, चष्मेवालीच्या वाकड्या माशांपुढे बराच वेळ उभे राहिले.

"हे खातात का नीट?"

"मागे पडतात हो, सर. सरळ मासे झडप घालून संपवतात, यांना वळेपर्यंत काही उरत नाही. म्हणून मी त्यांना वेगळं काढून ड्रॉपरनं देते."

"चांगलं करता. तरी पोटं खपाटीला गेलीत यांची." ते वाकून पाहत राहिले. "खाणं कुठे ठेवता?"

"फ्रिजमध्ये."

"सगळं?"

"सगळं," ताई म्हणाल्या, आणि त्यांना वाटलं आता पंपामागचं भांडं आपणहून बोलायला लागेल. पशुवैद्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. चोराच्या मनात चांदणं. ते नुसती तारीख लिहीत असतील, पण ताईंना पेनाचा प्रत्येक आवाज ऐकू आला.

ते गेल्यावर ताईंनी भांडं बाहेर काढलं. मासा जिवंत होता. दमला होता, भांड्याच्या तळाशी तिरका टेकला होता. ताईंनी त्याला एका रिकाम्या टाकीत सोडलं, टाकी सगळ्यात खालच्या फळीवर मागे सरकवली आणि त्या दिवसापासून दोन्ही बाजूंना फ्रिजमधल्या डब्यातून खायला घालायला लागल्या. नवा डबाही मागवला. आपोआप सगळं सुरळीत होईल, कुणाला ताकास तूर लागणार नाही, असं स्वतःला समजावलं.

घरी डबा कपड्यांच्या कपाटात खाली ठेवला. फेकवत नव्हता. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. तिसऱ्या दिवशी सासूबाई नाक मुरडत म्हणाल्या, "कपाटात काय मेलंय गं?" नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा, वास, आवाज, गळती शोधणं हा त्याचा धंदाच. त्यानं दोन मिनिटांत डबा हुडकला आणि ओट्यावर आणून ठेवला.

"हे काय आहे?"

ताईंनी सांगितलं. सगळं, पशुवैद्यांशी खोटं बोलल्यापर्यंत. नवरा स्टुलावर बसून ऐकत राहिला.

"पुढच्या महिन्यात तुझा करार नवा होणार आहे ना?"

"हो."

"मग तोंडाला कुलूप लाव. डबा आज कचऱ्यात जाऊ दे. खाणं बदललंस, संपलं. मासे बोलतात का?"

"ती पोरगी बोलेल ना. तिचं चुकीचं निघालं तर?"

"ती शास्त्रज्ञ आहे, तिचं ती निस्तरेल. आपण बरं, आपलं काम बरं." मग तो म्हणाला, "हे बघ, लिफ्ट पडली की पहिलं बोट मेकॅनिककडे जातं. दोर कुणी निकृष्ट आणला, ते कुणी विचारत नाही. मी तुझ्या भल्याचं सांगतोय."

त्याचं खोटं नव्हतं. पण डबा कचऱ्यात गेला नाही. ताईंनी तो तीन पिशव्यांत गुंडाळून माळ्यावर टाकला.

पुढचे सहा आठवडे त्यांनी कसे काढले ते त्यांनाच ठाऊक. जिन्यावर पाऊल वाजलं की हातातलं काम थांबायचं. करार नवा झाला की नाही याचा निरोपही येत नव्हता. चष्मेवालीचे मार्गदर्शक आणि करारावर सही करणारे मोठे सर बाहेरगावी होते. ताई दिवसातून दहा वेळा फ्रिजच्या डब्याचा वास घ्यायच्या. वाकडे मासे काही सरळ झाले नाहीत. वाकलेलं हाड चांगल्या खाण्यानं उलटं फिरत नाही. खालच्या फळीवरचा तो एकटा साधा मासा ड्रॉपरच्या टोकाशी यायला शिकला होता. त्याला खायला घालताना ताईंना त्याच्याकडे बघवत नसे.

आणि मग नव्या पिल्लांची पाळी आली. चष्मेवालीनं त्याच बदललेल्या जनुकाची दुसरी पिढी वाढवली होती. निष्कर्ष छापायला पाठवण्याआधी एकदा पुन्हा दाखवावं लागतं म्हणून. दीड महिन्याची झाली तेव्हा ती मोजायला बसली. ताई शेजारच्या मांडणीतल्या टाक्या धूत होत्या.

पहिली टाकी झाली. दुसरी झाली. चष्मेवालीनं पेन खाली ठेवलं.

"ताई, या चिठ्ठ्या कुणी हलवल्या का?"

"नाही गं."

"मग हे सरळ कसे?" तिचा आवाज चिरकला. "सगळे सरळ आहेत. एकही वाकलेला नाही."

ताई टाकी घासत राहिल्या. आधीच लख्ख झालेली टाकी.

त्या आठवड्यात चष्मेवालीनं दोनदा सगळी तपासणी केली. जनुक बदललेलंच होतं. ती जेवायला वर जाईनाशी झाली. डोळ्यांखाली काळी वर्तुळं आली. एकदा तर ती बोलता बोलता थांबली आणि म्हणाली, "ताई, मी तेव्हा खरंच मोजले होते ना? तुम्ही होता ना तिथं? कधी कधी वाटतं, मला हवं होतं तेच मी पाहिलं."

"होते मी. वाकडेच होते ते." ताईंना एवढंच म्हणता आलं. त्यापुढचं वाक्य जिभेवर आलं होतं. त्यांनी ते मूग गिळावेत तसं गिळलं.

मोठे सर परतले ते थेट खाली आले. ताई पंपामागे गाळणी बदलत होत्या, त्यामुळे दारातून त्या दिसत नव्हत्या. सरांचा आवाज चढलेला नव्हता आणि म्हणूनच जास्त वाईट वाटत होता.

"मी सरळ विचारतो. पहिले आकडे तू खरे लिहिलेस का?"

"हो, सर."

"असं होतं. दीड वर्ष काही हाती लागत नाही, मग माणूस थोडंसं... मला समजतं. पण मला खरं सांग. आत्ता सांगितलंस तर घरातल्या घरात राहील."

"सर, मी आकडे बनवले नाहीत." ती रडत नव्हती. रडली असती तर बरं झालं असतं. "मी बनवले नाहीत."

"सोमवारी समितीपुढे यावं लागेल," सर म्हणाले आणि गेले.

चष्मेवाली मधल्या वाटेत तशीच उभी राहिली. ताईंच्या हातातून गाळणीचं पाणी बाहीत उतरत कोपरापर्यंत गेलं. बाहेर यावं, बोलावं.  पण मुलगी निघून गेली तरी त्या पंपामागेच होत्या.

घरी गेल्यावर त्यांनी स्टूल लावलं आणि माळ्यावरचा डबा काढला. नवऱ्यानं पाहिलं.

"नक्की?"

"तिला चोर ठरवतायत."

 त्यानं स्टूल धरून ठेवलं.

सकाळी ताई नेहमीपेक्षा तासभर आधी पोचल्या. चष्मेवाली आधीच आलेली होती, सूक्ष्मदर्शकापुढे नुसतीच बसलेली. ताईंनी डबा तिच्या पुढ्यात ठेवला आणि उभ्यानंच सगळं सांगितलं. फ्रिज, फळी, पाच महिने, वास, साध्या साठ्यातला वाकडा मासा, पंपामागचं भांडं. त्यांना वाटलं होतं, सांगून झालं की हलकं वाटेल. तसं काही झालं नाही.

चष्मेवालीनं झाकण उघडलं, वास घेतला, बंद केलं.

"कधी कळलं तुम्हाला?"

"दीड महिना झाला."

"दीड महिना." तिनं चष्मा काढून टेबलावर ठेवला. चष्म्याशिवाय ती फारच लहान दिसायची. "मला वेड लागायची पाळी आली होती, ताई. तुम्ही रोज माझ्या शेजारी उभ्या होता."

"मॅडम, माझं चुकलं. तुम्ही..."

"मॅडम म्हणू नका मला!" ती ओरडली. पंप तेवढा चालू होता.

मग चष्मेवालीनं विचारलं, "तो मासा कुठाय?"

ताईंनी खालच्या फळीवरची टाकी ओढून दाखवली. ती गुडघ्यांवर बसली आणि कितीतरी वेळ त्या माशाकडे पाहत राहिली. मग उठून टेबलावरचा चष्मा घातला, डबा उचलला आणि म्हणाली, "चला वर."

मोठ्या सरांच्या खोलीत पशुवैद्यांनाही बोलावून घेतलं. ताईंनी सगळं पुन्हा सांगितलं. आपण खोटं बोललो ते पशुवैद्यांच्या तोंडाकडे बघून सांगितलं. पाचावर धारण बसली होती, तरी शब्द न शब्द सांगितला. डब्यातलं थोडं खाणं तपासायला गेलं.

पशुवैद्यांनी विचारलं, "पण एक डबा बाहेर का राहिला? फ्रिज तर मोठा आहे."

 फ्रिजमधल्या बाटल्या कुणाच्या होत्या ते ताईंना माहीत होतं. झाकणांवर आद्याक्षरं होती. पण तेवढं बोलायला जीभ उचलेना. दुसऱ्याकडे बोट दाखवायला आपण इथे आलो नाही, असं काहीसं त्यांच्या मनात आलं. नाहीतर ती भीतीच असेल.

सर खिडकीबाहेर पाहत होते. मग म्हणाले, "बाटल्या माझ्या होत्या. दोन दिवसांत काढतो म्हणालो होतो." आणि चष्मेवालीकडे न बघता पुढे म्हणाले, "काल मी तुला जे विचारलं, ते मला विचारायला नको होतं."

ती "ठीक आहे, सर" म्हणाली. ठीक नव्हतं, हे तिच्या आवाजावरून ताईंना कळलं.

आठ दिवसांनी तपासणीचा कागद आला. डब्यातल्या खाण्यात क जीवनसत्त्व जवळपास उरलेलंच नव्हतं आणि तेल खवट झालेलं होतं. चष्मेवालीचे पहिले आकडे खरे होते. फक्त त्यांचा अर्थ चुकला होता. ताईंना लेखी समज मिळाली. करार वर्षाऐवजी सहाच महिन्यांचा झाला. खोटं बोलल्याबद्दल पशुवैद्य म्हणाले, "मला तेव्हाच सांगितलं असतंत तर मी तुम्हाला खाल्लं नसतं, ताई. आता पुढचे काही महिने तुमच्या प्रत्येक 'हो'वर मला शंका घ्यावी लागेल. मला ते आवडणार नाही." समज दिलेल्या कागदापेक्षा हे ताईंना जास्त लागलं.

राहिले वाकडे मासे. एकतीस. ते नीट पोहू शकत नव्हते, खाऊ शकत नव्हते, आणि आता कोणत्याही प्रयोगासाठी त्यांची गरज नव्हती. पशुवैद्य म्हणाले, त्यांना असं रेटत ठेवण्यात दया नाही. भुलीच्या औषधाचं पाणी केलं. हे काम दुसऱ्या कुणीही केलं असतं, पण ताई म्हणाल्या, मीच करते. माझ्या हातनं खाल्लंय त्यांनी.

त्यांनी एकेकाला जाळीनं उचललं नाही. ओंजळीएवढ्या भांड्यानं पाण्यासकट उचललं, म्हणजे हवेत तडफडणार नाहीत. चष्मेवाली शेजारी घड्याळ धरून उभी राहिली. कल्ले हलायचे थांबले तरी पशुवैद्यांनी सांगितलेली पुरी मिनिटं त्यांनी थांबून काढली. खालच्या फळीवरचा मासा ताईंनी शेवटी घेतला. भांडं पाण्यात उतरलं तसा तो ड्रॉपर समजून त्यांच्या बोटाकडे वळला.

ताईंना हुंदका आवरला नाही. चष्मेवालीनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला नाही, पण ती तिथून हललीही नाही.

मग सगळं पहिल्यापासून सुरू झालं. नवी पिल्लं, सगळ्यांना एकाच डब्यातून खाणं. टाक्यांवर नुसते आकडे; बदललेले कुठले आणि साधे कुठले, हे एका बंद पाकिटात. मोजायचं कुणी, असा प्रश्न आला तेव्हा पशुवैद्यांनीच ताईंचं नाव सांगितलं. म्हणाले, "इतकी बारीक नजर इथं दुसऱ्या कुणाची नाही. आणि कुठली टाकी कुठली ते त्यांना ठाऊक नाही, तेव्हा त्यांना हवं तरी काय असणार?"

हवं काय होतं, ते ताईंनाच कळत नव्हतं. एखादा वाकडा निघावा, म्हणजे पोरीचं जनुक खरं ठरेल? की एकही निघू नये? मोजणीचा दिवस आला. दोनशे दहा मासे. एकेक मासा त्यांनी काचेपुढून जाऊ दिला. एका टाकीत एक मासा वळताना वाकल्यासारखा वाटला तेव्हा त्या काचेजवळ सरकल्या. तो सरळ झाला आणि निघून गेला. त्यांनी ती टाकी तीनदा मोजली.

"एकही नाही," त्या म्हणाल्या.

चष्मेवालीनं पाकीट उघडलं, कागद पाहिला आणि घडी घालून खिशात ठेवला. एकही नाही, म्हणजे त्यात पाहण्यासारखं काही नव्हतंच.

"मग त्या जनुकाचा पाठीशी काही संबंध नाही?" ताईंनी विचारलं.

"नाही."

"आणि आता गं?"

"आता दुसरं काहीतरी शोधायचं. सर म्हणतात, खाण्याचाच अभ्यास कर. मी अजून हो म्हटलेलं नाही." तिनं जांभई दिली, चष्मा वर सरकवला. "दोन वर्षं गेली, ताई. मला अजून राग येतो तुमचा. कधी कधी जिना उतरतानाच येतो."

"येऊ दे."

"पण ते आकडे बनवलेले नव्हते, हे तुमच्यामुळेच ठरलं. तेही जिना उतरतानाच आठवतं."

 दुपारच्या खाण्याची वेळ झाली होती. ताईंनी फ्रिजमधून डबा काढला, तारीख वाचली, झाकण उघडून वास घेतला, आणि खात्री होईना म्हणून डबा चष्मेवालीपुढे धरला.

"तू बघ जरा. माझ्या नाकावर माझा भरवसा राहिलेला नाही."

तिनं वास घेतला. "चांगलं आहे," ती म्हणाली, आणि डब्याचा दुसरा कान धरून डावीकडच्या मांडणीकडे चालू लागली.